तांबडा गंधार

"टीचर, म्हजो गंधार तांबडो आयलो."

सातवीतली मुलगी, खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावरची. वर्गात मराठी, मैदानावर कोंकणी आणि घाबरलं की कोंकणीच, असा आमच्या फोंडा तालुक्यातल्या मुलांचा रिवाज. ती घाबरली होती. समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या पॅनेलवर तिच्या आवाजाची रेघ सरकत होती. सा हिरवा, रे हिरवा, आणि गंधारावर, म्हणजे ग वर आल्यावर रेघ तांबडीभडक.

हे पॅनेल शाळेला माजी विद्यार्थ्यांनी दिलं. गणिताचे सर ते वापरतात, भूगोलाच्या टीचर वापरतात, आणि बुधवारी मधल्या सुट्टीनंतरची पस्तीस मिनिटं ते माझ्या वाट्याला येतं. त्यातली पाच मिनिटं मुलांच्या तोंडातला पाव संपण्यात जातात. उरलेल्या तीस मिनिटांत चाळीस मुलं. प्रत्येकाचा सूर वेगळा ऐकायचा तर माणशी जेमतेम पाऊण मिनिट येतं. म्हणून सूर ओळखणारी ही प्रणाली मिळाली तेव्हा मी हरखले होते. मूल गातं, यंत्र ऐकतं, बरोबर असेल तर हिरवा, चुकला तर तांबडा. मला कुणाला चारचौघांत 'बेसूर' म्हणावं लागत नाही. आवाज फुटायच्या वयातले मुलगे, जे माझ्यासमोर तोंड उघडत नसत, ते त्या रेघेशी क्रिकेटसारखे खेळू लागले. हा फायदा खरा होता आणि आजही आहे.

तर तिचा गंधार तांबडा आला. मी म्हटलं, थोडा वर घे. तिने घेतला. हिरवा झाला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पण तिचा चेहरा आंबट चिंच खाल्ल्यासारखा.

"पूण आतां तो बरो लागना, टीचर."

मी काय म्हणाले असेन? यंत्र बरोबर सांगतंय, तू सवय कर. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच झालं आणि मी पुन्हा तेच सांगितलं.

त्याच आठवड्यात घरी तंबोरा लावत होते. खरा तंबोरा, मिरजेचा, माझ्या लग्नाच्याही आधीचा. जव्हारी, म्हणजे तारेची ती गुणगुण जमली, खर्जाची, सर्वांत खालच्या सा ची तार सुटी सोडली, आणि तिच्या शेवटी शेवटी, विझत जाणाऱ्या आवाजात, तो गंधार आला. कुणी न छेडता येणारा. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मी तीस वर्षं तो ऐकत आलेय. पण त्या रात्री त्याच्या मागोमाग मला खिडकीकडच्या बाकावरची ती आठवली. मोबाइलवर तीच प्रणाली उघडली, तंबोऱ्याच्या गंधाराला आवाज लावला, आणि रेघ तांबडी झाली.

यात जादू काहीच नाही, निव्वळ हिशेब आहे. एका सप्तकाचे १२०० भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत नेमके १०० सेंट. त्या मापाने शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटांवर बसतो. तार मात्र पट्ट्यांचं माप मानत नाही. ती अख्खी हलते, त्याच वेळी अर्ध्यात हलते, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागातही हलते. पाचव्या भागातून येतो तो गंधार. त्याचं सा शी नातं पाचास चार, आणि सेंटांत सांगायचं तर ३८६. पेटीपेक्षा १४ सेंट खाली. आमच्या प्रणालीत दहा सेंटांपर्यंतची चूक माफ होती. चौदाची नव्हती.

मुलीचा बाक खिडकीकडे, आणि खिडकीच्या कठड्यावर माझा इलेक्ट्रॉनिक तंबोरा. खऱ्या तंबोऱ्याचे आवाज मुद्रित करून त्यात भरलेले, त्यामुळे त्यांच्यासोबत हा पाचवा भागही आलेला. बाकीचा वर्ग पॅनेल बघून गात होता. तिला दुरून पॅनेल धूसर दिसतं, चष्मा मोडला होता, म्हणून ती कानाशी असलेल्या तंबोऱ्याला धरून गात होती. म्हणजे एका यंत्राने तिला गंधार शिकवला, दुसऱ्याने तो चुकीचा ठरवला, आणि वर्गातल्या एकमेव माणसाने, म्हणजे मी, दुसऱ्या यंत्राची बाजू घेतली.

पुढच्या बुधवारी वर्गासमोर तिची माफी मागितली. मुलांना माफीपेक्षा यंत्र हरल्याचा आनंद जास्त झाला, तो भाग वेगळा.

हे भांडण नवं नाही. ज्या पेटीशिवाय आमच्याकडे भजन उभं राहत नाही, तीही एके काळी नवी, परकी वस्तूच होती. युरोपातून आली, इथे हाताच्या भात्याची झाली, आणि तिच्या ठरीव सुरांवरून एवढा वाद पेटला की १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दारं बंद केली. ती बंदी तीसेक वर्षं टिकली. तोवर गावोगावच्या भजनी मंडळांनी पेटी मांडीवर घेऊन कधीच निकाल लावला होता. मी पेटीच्या विरोधात नाही. पेटीवर गळा तयार झालेल्या मुलांना तंबोऱ्याचा गंधार 'उतरलेला' वाटतो, एवढंच माझं म्हणणं. कान कशाच्या सोबत वाढला यावर त्याला काय खरं वाटतं ते ठरतं.

माझा स्वतःचा कान कॅसेटच्या सोबत वाढला. मी सावईवेऱ्याची. गाण्याच्या बाई फोंड्यात राहायच्या, आठवड्यातून एकदाच बसने जाणं व्हायचं. मी आठवीत असताना बाईंनी भूप रागातली एक बंदिश कॅसेटवर गाऊन दिली आणि सांगितलं, पंधरा दिवसांनी ये, तोवर हिच्याबरोबर गा. जून महिना. आमच्याकडे जूनमध्ये वीज गेली की गेलीच. टेप सेलवर चालवायचा. मी सकाळ-संध्याकाळ त्याच्याबरोबर गात राहिले. पंधरा दिवसांनी बाईंनी तंबोरा नेहमीसारखा काळी चारमध्ये लावला, आणि मी डोळे मिटून, अतिशय आत्मविश्वासाने, पांढरी पाचमध्ये, म्हणजे एक पट्टी खाली गायला लागले. बाई आधी थबकल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या.

"सेल बदल गो."

सेल उतरत गेले तशी फीत मंदावली, फीत मंदावली तसा सूर खाली आला, आणि रोज केसभर खाली येणाऱ्या त्या सुराबरोबर मीही घसरत गेले. एका अर्थी मी फार इमानदार विद्यार्थिनी होते.

तेव्हा वेग आणि सूर एकमेकांना बांधलेले होते. एक ढळला की दुसरा ढळणारच. केसरबाई केरकरांचं भैरवीतलं 'जात कहाँ हो' १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत अंतराळात गेलं, हे गोव्यातला प्रत्येक शिक्षक सांगतो, मीही सांगते. केरी आमच्याच तालुक्यातली, त्यामुळे जरा जास्तच जोरात सांगते. पण मुलांना मी त्या तबकडीचं वेष्टन दाखवते. त्यावर ती कशी वाजवायची याची आकृती कोरलीय, आणि एक फेरा किती वेळात व्हावा तेही: ३.६ सेकंद. ऐकणारा कोण असेल, त्याला कान असतील का, काही ठाऊक नाही, तरी फेऱ्याचा वेळ लिहिलाय. वेग चुकला तर तिकडे केरीची केसरबाई भलत्याच पट्टीत गाईल, ही काळजी कुणीतरी केली. मला ती आकृती बघितली की उतरलेले सेल आठवतात.

आता संगणक वेग आणि सुराची ही गाठ सोडवतो. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून, ते एकमेकांवर चढवत लांबवतो. सूर जिथला तिथे राहतो आणि गाणं मात्र निम्म्या वेगाने चालतं. मला विचाराल तर संगीताच्या वर्गात आलेली सगळ्यांत कामाची गोष्ट हीच. एखादी मुरकी मुलांना पूर्ण वेगात नुसती थरथर वाटते. ती निम्म्या वेगात ऐकवली की एक एक स्वर पायरीसारखा दिसतो. मागच्या वर्षी एकाने ऐकून विचारलं, "टीचर, एवढे सूर तिथे होते?" होते. मग मी लगेच वेग पुन्हा पूर्ण करते. तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती चाळीस मुलांच्या वर्गात एरवी फक्त निकालाच्या दिवशी असते.

तंत्रज्ञानाने गाणं बिघडवलं असं आमच्या क्षेत्रातले वडीलधारे म्हणतात तेव्हा मला माझी आजी आठवते. गोव्याने देशाला केसरबाई दिल्या, कुर्डीच्या मोगूबाई दिल्या, मंगेशीचे दीनानाथ दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते गाणं बहुतेक देवळाशी बांधलेल्या कलावंत घराण्यांत वाढलं, आणि ज्यांनी ते सांभाळलं त्यांना गावाने मान किती दिला हे विचारलं की आपण विषय बदलतो. आजीच्या घरात बाईमाणसाने गाणं शोभत नसे. शेजारच्या भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे रेडिओ होता. १९६१ च्या आधी एमिसोरा दि गोवा, मग आकाशवाणी पणजी, आणि हवा चांगली असेल तर मुंबई. आजी अंगणात तांदूळ निवडत बसायची, रेडिओची वेळ बघून. तिला किती नाट्यपदं येत होती याचा पत्ता आम्हाला ती सत्तरीची झाल्यावर लागला. कुठल्याही गुरूने तिला दारात उभं केलं नसतं. तो खोका तिची जात, तिचं बाईपण काही विचारत नव्हता. जुन्या ख्रिस्ती गावांत चर्चच्या शाळेत पोरगं सुरांची लिपी आणि व्हायोलिन शिकून पुढे मुंबईच्या बँडांत नि सिनेमाच्या वाद्यवृंदात जाई. आमच्या बाजूला तसं सगळ्यांना उघडं दार नव्हतं. माझ्या वर्गात आज चाळीस घरांतली मुलं आहेत, त्यातल्या दोन घरांत तंबोरा असेल. बाकीच्यांसाठी मोबाइलमधला तंबोरा हाच घरातला पहिला.

आणि इथला पावसाळा! जूनपासून तबल्याची पुडी ओल धरते, हातोडी मारून मारून गठ्ठे झिजले तरी चढत नाही. पेटीच्या स्वरपट्ट्यांना गंज. शाळेतला एक डग्गा तर बुरशीने असा पांढरा पडला होता की मुलांना वाटलं नवीन पुडी चढवलीय. डिजिटल तबला मी तेव्हा घेतला. "मशिनाक पावस लागना," मुलांनी लगेच शोध लावला. चार महिने त्यावर गायली. ठेका घड्याळासारखा. सप्टेंबरमध्ये भजन स्पर्धेसाठी गावातला पखवाजवाला मुलगा साथीला आला, आणि आमची पोरं गडबडली. तो गाणाऱ्याकडे बघून वाजवत होता: ओळ लांबली तर किंचित थांबायचा, समेच्या आधी उचल घ्यायचा. मुलांना हे ठाऊकच नव्हतं की ठेका आपलं ऐकतो. ती त्याची वाट बघत राहिली, तो त्यांची. आमचा नंबर आला नाही. आता पावसाळ्यातही महिन्यातला एक बुधवार यंत्र बंद, आणि कुणीतरी बाकावर ठेका धरायचा. चुकला तरी चालेल.

टाळेबंदीच्या काळाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी लिहून झालंय. एवढंच सांगते की मी घरात तंबोरा लावून ऑनलाइन तास सुरू केला आणि मुलं म्हणाली, टीचर, तंबोरा ऐकू येत नाही. माझ्या कानाशी तर तो गुणगुणत होता. नंतर कळलं, ऑनलाइन तासाच्या त्या प्रणालीला सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर वाटते, आणि ती तो इमानाने पुसून टाकते. अखंड वाजणं हेच ज्याचं काम, त्याला तिने कचरा ठरवलं! सेटिंगमध्ये मूळ आवाज राखण्याची सोय होती. ती मला सापडेपर्यंत निम्मी शाळा संपली. एकत्र गाणं तर जमलंच नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या माणसाचा सूर आपल्याला तीस मिलिसेकंद उशिरा मिळतो, आणि एवढ्यावरच सोबत गाणं अवघड होऊ लागतं. इथे तर कुणी रेंजसाठी काजूच्या बागेतल्या डोंगरावर चढलेलं. त्याचा सा माझ्यापर्यंत यायचा तेव्हा माझा पंचम सुरू असायचा.

त्याच वर्षीच्या गणेश चवथीला मात्र एक बरं झालं. शाळा नाही, तर गृहपाठ दिला: घरची आरती मोबाइलवर मुद्रित करून पाठवा. आमच्याकडे चवथीची आरती म्हणजे घुमट, शामेळ हे तालवाद्य, आणि कासाळें, म्हणजे झांजा. घुमट हे मातीचं मडकं: एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं, ते डाव्या तळव्याने झाकत-उघडत नाद वळवायचा. पूर्वी घोरपडीचं कातडं असे. वन्यजीव कायद्याने घोरपड वाचली, आता बकऱ्याचं चढवतात. २०१९ मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य केलं. तर अठ्ठावीस मुलांच्या फिती आल्या. पहिल्या दहा ऐकून मी कपाळावर हात मारला. घुमट म्हणून जे ऐकू येत होतं तो पत्र्याचा डबा होता. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचा नाद बाहेरच पडत नाही. कानाला हेडफोन लावले तेव्हा थोडं घुमू लागलं. एका मुलाने नेम धरून मोबाइल घुमटाच्या उघड्या तोंडाशीच नेला होता, त्याचा सगळा आवाज फाटलेला. त्याला सांगितलं, लांब जाऊन बघ. त्याने एकाच दिवसात पाच फिती पाठवल्या: देवाच्या खोलीतून, दारातून, सोप्यावरून, अंगणातून, आणि शेवटची विहिरीकडून. सोप्यावरची सर्वांत सुंदर. विहिरीकडच्या फितीत घुमटापेक्षा बेडूक जास्त, पण पाठचं घर सगळं वाजत असल्यासारखं ऐकू येतं. त्या मुलाला मी राग-बिग काही शिकवू शकले नाही अजून. तो आवाज कुठे उभं राहून ऐकायचा हे मात्र माझ्यापेक्षा चांगलं जाणतो.

एका फितीत आजोबा मध्येच थांबतात, खोकतात आणि नातवाला म्हणतात, "तो मोबायल दवर सकयल आनी कासाळें घे." मोबाइल खाली ठेव आणि कासाळें घे. पुढे फीत तशीच चालू राहिलीय. कासाळ्यांचा नवखा, अर्धी मात्रा मागे पडणारा आवाज शेवटपर्यंत आहे.

शाळा उघडल्यावर ह्या फिती मी पॅनेलवर लागोपाठ लावल्या. एकच आरती, पण बोरीची चाल निराळी, शिरोड्याची निराळी, आणि डोंगरापलीकडल्या वाड्यावर तर तिसऱ्या कडव्याला लयच बदलते. "चुकीची कुठली?" असं एकाने विचारलं. यंत्रावर तांबडा-हिरवा दिवा तेव्हा बंद होता, याचं मला बरं वाटलं.

आता राज्य सरकारच्या केअर्स योजनेतून शाळांत कोडिंग आलंय, आणि आठवीतला एक मुलगा संगणकाच्या तासाला शिकलेलं घेऊन माझ्या तासाला येतो. स्क्रॅच नावाच्या मुलांच्या कोडिंग प्रणालीत तालवाद्यांची यादी आहे: बोंगो आहे, कोंगा आहे, घुमट मात्र नाही. त्याने सोप्यावरच्या फितीतून घुमटाचे तीन बोल कापून त्यात भरले, आणि आरतीचा ठेका संगणकावर चालवला. मग ती खिडकीकडची मुलगी (आता नववीत, नवीन चष्मा) आणि तो, दोघांनी मिळून माझ्या सूर ओळखणाऱ्या प्रणालीच्या सेटिंगांत शिरून स्वरांचे आकडे बदलायची जागा शोधून काढली. गंधारापुढचा ४०० खोडून तिने ३८६ टाकला. गायली. हिरवा.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो लगेच वही उघडून बाकीचे आकडे विचारायला लागला. मध्यम ४९८, पंचम ७०२, निषाद १०८८, मी सांगत गेले, तो लिहीत गेला. आम्ही त्या दिवशी भैरव राग करत होतो.

"आणि भैरवाचा रिषभ?"

कोमल रिषभाला पुस्तकात ११२ मिळतो. पण भैरवातला रिषभ आंदोलित. तो वर झुकतो, परततो, पुन्हा झुकतो, आणि किती झुकतो ते त्या दिवशी कोण गातंय त्यावर. मी गाऊन दाखवला. त्याने पेन्सिल धरून ठेवली. पुन्हा गायले. रेघ पॅनेलवर वर-खाली लहरत गेली, आधी हिरवी, मग तांबडी, मग हिरवी.

"टीचर, हातूंत खंयचो बरोवं?" ह्यातला कुठला लिहू?

घंटा झाली. वहीत रिषभापुढची जागा त्याने कोरी सोडलीय. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: 'बुधवारी परत ऐकणे.'